रोज उघडतो ती दोन संकेतस्थळे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सकाळी चहा घेताना मोबाईलवर तुम्ही आधी काय उघडता? व्हॉट्सॲप ना? माझंही तेच, खोटं कशाला सांगू! पण त्यानंतर मी दोन संकेतस्थळं रोज बघतो: मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया. वर्गात लागणारं बरंचसं तिथेच मिळतं.

विश्वकोशाचं काम वाईत झालं. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी; पहिला खंड १९७६ चा. बहुतेक नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, म्हणून भरवसा वाटतो. त्याच भरवशावर मी एकदा फसलो. एका शहराची लोकसंख्या जुन्या नोंदीतून जशीच्या तशी फळ्यावर उतरवली. मुलांनी वहीत घेतली. एका मुलीनेच विचारलं, "सर, कंसात १९७१ का लिहिलंय?" आकडा त्या जनगणनेचा होता! चूक विश्वकोशाची नव्हती, त्यांनी साल दिलंच होतं. मीच वाचलं नव्हतं.

विकिपीडियावर (मराठी आवृत्ती २००३ पासून आहे) कुणीही बदल करू शकतो. पण प्रत्येक लेखाचा 'इतिहास' उघडला की कोणता बदल कधी झाला ते दिसतं. मुलं तिकडे फिरकतही नाहीत.

आज घरी मुलांसोबत 'प्लूटो' शोधून बघा. १९३० ला सापडला, २००६ ला ग्रहांच्या यादीतून गेला. मग त्याआधीच्या नोंदीत तो काय असेल, हे त्यांनाच ओळखू द्या.

माझ्या वर्गात प्रकल्पाच्या वहीत आता एक जादा रकाना असतो, 'माहिती कधीची?' निम्मे रकाने अजून रिकामेच येतात.