घरातील इंटरनेट व फायरवॉल : एक उपयुक्त अभ्यास

आज आपल्या सभासदांच्या घरोघरी इंटरनेटची जोडणी आलेली आहे. मुले त्यावर अभ्यास करतात, वडीलधारी मंडळी पेन्शनची माहिती पाहतात आणि पाहुणे आले की पाण्याच्या तांब्याबरोबर वायफायचा पासवर्डही द्यावा लागतो. परंतु या तारेतून जसे आपण बाहेर जातो तसे बाहेरचाही आत येऊ शकतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आम्हीही केला नव्हता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत लिपिकाची. संगणकशास्त्र शिकण्याचा योग कधी आला नाही. घरात एक प्रसंग घडला म्हणून या विषयात डोके घालावे लागले. त्यातून जे समजले ते सभासदांच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वसाहतीत दोन घरफोड्या झाल्या तेव्हा आम्ही कॅमेरे बसवून घेतले. एक जिन्याकडे आणि दुसरा, मान वळवणारा, आतल्या खोलीत. कारण आई दिवसभर घरी एकटी असते. बसवणाऱ्या मुलाने सांगितले की, कामाच्या ठिकाणी मोबाइलवर चित्र दिसायचे असेल तर इंटरनेटवाल्याकडून स्थिर पत्ता घ्या. तो आम्ही जादा पैसे भरून घेतला. मग त्याने राउटरमध्ये काही आकडे भरले. कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच राहू दिला. चित्र दिसू लागले आणि आम्ही निर्धास्त झालो.

दोन-तीन महिन्यांनी आई म्हणाली, "अरे, हा डोळा माझ्याकडं मान वळवून बघतो."

"आई, ते यंत्र आहे. हालचाल दिसली की वळतं."

"मी हलले नव्हते. पडून होते."

तिने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकू लागली आणि संध्याकाळी घरी आलो की तो रुमाल आम्ही काढू लागलो. असे बरेच दिवस चालले. शेवटी शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यंत्रातली प्रवेशाची नोंद उघडून दाखवली. आम्ही कामावर असताना आणि रात्री घर झोपलेले असताना अनोळखी पत्त्यांवरून कोणीतरी आत येऊन गेले होते. एकदा नव्हे, अनेकदा. कोण, कोठले, त्यांनी काय पाहिले, हे शेवटपर्यंत कळले नाही. आईची क्षमा मागितली. दाराला दोन कड्या आणि लोखंडी जाळी लावणाऱ्या आमच्या घरात परका माणूस दिवसाढवळ्या येऊन उभा राहत होता आणि ज्या व्यक्तीने ते ओळखले तिलाच आम्ही वेड्यात काढले होते.

फायरवॉल म्हणजे काय?

हा शब्द मूळचा बांधकामातला. एका घराची आग शेजारच्या घरास लागू नये म्हणून मध्ये उभारलेली, न जळणारी भिंत म्हणजे फायरवॉल. मोटारीत इंजिन आणि बसण्याची जागा यांमधील पत्र्यालाही हेच नाव आहे. मराठीत कोणी 'अग्निभिंत' म्हणतात. आम्हाला तो शब्द तितकासा पटत नाही. भिंतीतून काहीच जात नाही. ही यंत्रणा मात्र काही जाऊ देते आणि काही अडवते. तिला 'नाका' म्हटले असते तर अधिक शोभले असते.

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटांत विभागून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि खिडकी क्रमांक असतो. या खिडकीला पोर्ट म्हणतात. एका पत्त्यावर ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या असू शकतात. फायरवॉल पाकिटावरचा मजकूर वाचते आणि नियमांप्रमाणे त्याला आत सोडते किंवा टाकून देते.

सुरुवातीच्या फायरवॉल प्रत्येक पाकीट सुटे सुटे तपासत. नंतरच्या फायरवॉल आमच्या कार्यालयातील आवक-जावक रजिस्टरासारख्या चालू लागल्या. आपण आतून एखादे संकेतस्थळ उघडले की जावकमध्ये नोंद होते. त्याचे उत्तर आले की फायरवॉल रजिस्टर पाहते. नोंद सापडली तर उत्तर आत जाते. जावकात नोंद नसताना, आपण काही मागितलेले नसताना जे पाकीट आले ते दारातूनच परत. एवढे एक तत्त्व समजले तर घरगुती फायरवॉलचा बहुतेक अभ्यास झाला असे आमचे मत आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट. घरातील मोबाइल, टीव्ही, संगणक यांना राउटर जे पत्ते देतो ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते आहेत आणि १९९६ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. सगळे घर बाहेर एकाच पत्त्याने ओळखले जाते. त्यामुळे बाहेरून न मागता आलेले पाकीट आत नेमके कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊक नसते आणि ते पडून जाते. असे आपोआप संरक्षण मिळते.

मग आमच्या घरात परका शिरला कसा? त्या मुलाने राउटरमध्ये जे आकडे भरले होते त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. बँकेच्या भाषेत ती स्टँडिंग इन्स्ट्रक्शन होती: या क्रमांकाच्या खिडकीवर जो कोणी येईल त्याला न विचारता थेट कॅमेऱ्याकडे न्यावे. फायरवॉल होती, चालूही होती. आम्हीच तिला तसा हुकूम दिला होता. आणि कॅमेऱ्याच्या दारावर जे कुलूप होते त्याची किल्ली त्या बनावटीच्या प्रत्येक कॅमेऱ्याला लागत होती.

उघड्या दारांचा इतिहास

आपल्या घरात कोणाला काय रस असणार, असे अनेक सभासद म्हणतात. येथे समजून घ्यावे की चोर घर निवडून येत नाही. त्याचे यंत्र ओळीने पत्ते ठोठावत जाते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला. विंडोजच्या ज्या संगणकात दुरुस्ती केलेली नव्हती तो नुसता इंटरनेटला जोडला तरी पुरे. मालकाने काही उघडण्याची गरज नव्हती. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बंद स्थितीत येत असे. ऑगस्ट २००४ च्या सुधारित आवृत्तीपासून कंपनीने ती आपोआप चालू ठेवली.

२०१६ मध्ये मिराई आला. त्याने कॅमेरे आणि राउटर धरले. त्याच्याजवळ कारखान्यातल्या साठाहून अधिक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या आणि त्या एकेक करून तो लावून पाहत असे. अशा यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास नीट उघडेनात. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच सोपा पासवर्ड घालून अशी यंत्रे विकण्यास कायद्याने बंदी आहे. आपण मात्र कायद्याची वाट न पाहता पासवर्ड बदलावा.

कोणती फायरवॉल निवडावी?

बाजारात वेगळी पेटी विकत मिळते. जुन्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे लावून त्यावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स ही विनामूल्य प्रणालीही चालवता येते. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने ती जरूर चालवून पाहावी. पुस्तकातील चार प्रकरणे त्याने एकदम कळतील. सामान्य कुटुंबाने मात्र त्यावर पैसा घालू नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. घरातील राउटरमध्ये फायरवॉल असतेच आणि विंडोजमध्येही असते. या दोन्ही नीट लावल्या की घराचे काम भागते. राउटरवरील फायरवॉल सर्व घराची, तर संगणकावरील त्या एका यंत्राची. विद्यार्थ्याने लॅपटॉप कॉलेजात किंवा वाचनालयात नेला की घरची फायरवॉल घरीच राहते. म्हणून दुसरीही चालू हवी. मॅकमध्ये ती कधी कधी बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन खात्री करावी.

राउटर विकत घेण्याची वेळ आलीच तर एकच प्रश्न विचारावा: कंपनी याच्या सुधारित आवृत्त्या अजून देते का? देत नसेल तर कितीही अँटेना असल्या तरी तो घेऊ नये.

मांडणी

राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो इंग्रजी आकड्यांत ब्राउझरमध्ये टाकला की प्रवेशाचे पान उघडते. येथे मागितला जाणारा पासवर्ड राउटरच्या कारभाराचा, वायफायचा नव्हे. पुष्कळांची येथेच गल्लत होते. वायफायचा बदलतात आणि कारभाराचा तसाच राहतो. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कारभाराचा पासवर्ड प्रथम बदलावा, नंतर फर्मवेअर सुधारून घ्यावे.

मग पोर्ट फॉरवर्डिंगचे पान पाहावे. काही राउटरमध्ये त्यास व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. त्यात ज्या नोंदीचे कारण घरातील कोणालाच सांगता येत नाही ती काढून टाकावी. डीएमझी नावाचा रकाना रिकामा असावा. तेथे एखाद्या यंत्राचा पत्ता असेल तर ते यंत्र सगळ्या खिडक्यांनिशी रस्त्यावर बसले आहे असे समजावे. यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे घरातील कोणतेही यंत्र आपल्याला न विचारता खिडकी उघडून घेऊ शकते. खेळणाऱ्या मुलांची थोडी कुरकूर होईल. बाहेरून राउटरचा कारभार करण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद असावी. डब्ल्यूपीएसचे तेच. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. टीव्ही व वायफायवर चालणारे कॅमेरे शक्य असेल तर पाहुण्यांच्या जाळ्यावर, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर टाकावेत.

आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीबद्दल वेगळी सूचना द्यावी लागेल. तिच्यात घरातील प्रत्येक यंत्रास बाहेर चालणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. त्यामुळे वर सांगितलेला खासगी पत्त्यांचा आडोसा तेथे नसतो. राउटरच्या पानावर आयपीव्ही-६ फायरवॉल असे वेगळे बटण असल्यास ते चालूच ठेवावे.

झालेले काम तपासण्यासाठी शील्ड्सअप हे जुने आणि विनामूल्य संकेतस्थळ आहे. आपल्या कोणत्या खिडक्या बाहेरून उघड्या दिसतात हे ते सांगते. मात्र राउटरमधील बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातील असेल तर आपण इतर ग्राहकांबरोबर सामायिक पत्त्यामागे आहोत. अशा वेळी ही तपासणी आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. निकाल चांगला दिसला तरी राउटरची पाने तपासणे चुकत नाही.

आमच्या घरातील आतला कॅमेरा आम्ही उतरवला. जिन्याचा आहे, त्याचे चित्र घरातच दिसते. कार्यालयात बसून जिना पाहून आम्ही करणार तरी काय होतो! ज्यांना खरोखर बाहेरून पाहणे भाग आहे त्यांनी जाणकाराकडून राउटरमधील व्हीपीएन लावून घ्यावे. त्यात आधी ओळख पटवावी लागते आणि मगच घराच्या जाळ्यात शिरता येते.

जे फायरवॉल अडवीत नाही

आमच्या टेबलासमोर असे ग्राहक येऊन बसतात की ज्यांच्या यंत्रात कोणीही घुसलेले नसते. बँकेतून बोलतो म्हणून फोन येतो, एक ॲप घ्यायला सांगतात आणि त्यातून पडदा समोरच्याला दिसू लागतो. ॲप आतून बाहेर जोडणी करते. जावकात नोंद आपल्या हाताने झालेली असते; फायरवॉल ते उत्तर अडवणार कसे? असे झाल्यास इंटरनेट तत्काळ बंद करून बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायला फार वेळ लागत नाही. घरात चर्चा करीत बसू नये.

शेवटी एक बारीक गोष्ट. राउटरच्या मागे छोट्या छिद्रात एक बटण असते. दुरुस्तीला आलेला माणूस ते टाचणीने दाबतो आणि इंटरनेट सुरू झाले म्हणून आपण त्याला चहा देतो. त्या बटणाने सगळे कारखान्यातल्यासारखे होते. जुना पासवर्ड परत येतो, यूपीएनपी पुन्हा सुरू होऊ शकते. आम्ही बँकेच्या एका जुन्या डायरीत प्रत्येक सेटिंग तारखेसह लिहून ठेवले आहे आणि तो माणूस येऊन गेला की त्याच रात्री डायरी उघडतो. आई शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवते.