खूण कोणी करावी?

सॉफ्टबॉलच्या मैदानावर क्षेत्ररक्षणास नऊ खेळाडू उभे असतात. त्यांपैकी आठ जणांची तोंडे होम प्लेटकडे असतात. एकटा कॅचर तेवढा होम प्लेटमागे उकिडवा बसून सारे मैदान आपल्या समोर पाहत असतो. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर व नडग्यांवर कवचे आणि हातात जाड हातमोजा, असा त्याचा थाट! क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी त्याचे साम्य आहे खरे. परंतु पुढचा चेंडू कोणता टाकावा हे यष्टिरक्षक गोलंदाजाला दर वेळी सांगत नाही. कॅचरकडे हेही काम असते.

हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका बंदिस्त सभागृहात जन्मास आला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा, एवढेच त्या वेळचे साहित्य होते. आज तेथील शाळाशाळांतून मुली तो हिरिरीने खेळतात. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही तो खेळला जातो.

मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. वेगवान चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटजवळ येतो. म्हणून चेंडू वेगाचा येणार, की ऐन वेळी खाली उतरणारा, की फसवा मंद, हे फलंदाज मुलीला आधी कळता कामा नये. कॅचर दोन्ही मांड्यांच्या आड बोटांनी खूण करते आणि तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या प्रतिपक्षाच्या मार्गदर्शकाला ती दिसू नये म्हणून हातमोजा आडवा धरते.

परंतु पुष्कळ संघांत ही निवड तिची नसतेच. प्रशिक्षक बाकाजवळून आकडे पुकारतात. कॅचर मनगटावरील तक्त्यात त्यांचा अर्थ पाहते व तीच खूण पिचरला करते. यात तथ्य नाही असे नव्हे. कोणती मुलगी कोणता चेंडू टोलवते याची नोंद प्रशिक्षकांपाशी असते. शिवाय चेंडू अडवणे व धावणाऱ्या मुलीला बाद करणे या कामांतच लहान कॅचर दमून जाते. दहा वर्षांच्या मुलीवर हा भार टाकणे शहाणपणाचे नाही. तथापि बाकावरून न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. फलंदाज मुलीचे पाय प्लेटच्या किती जवळ आहेत, पिचरचा चेंडू आज उतरतो आहे की नाही, हे कॅचरच्या डोळ्यांना आणि तळहाताला आधी समजते.

अशाच एका संघातील तेरा वर्षांच्या कॅचरचे उदाहरण घ्यावे. काही दिवस सरावात खुणा करू दिल्यानंतर प्रशिक्षकांनी एका सामन्यात ते काम तिजकडे सोपविले. पाचव्या डावात तिसऱ्या बेसवर प्रतिपक्षाची मुलगी होती. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाज मुलीने दोन वेगवान चेंडू उशिरा बॅट फिरवून उजवीकडे रेषेबाहेर मारले. कॅचरने मंद चेंडूची खूण केली. तो चेंडू नेमका बॅटवर बसला आणि धाव गेली!

डाव संपल्यावर प्रशिक्षकांनी रागावण्याऐवजी विचारले, “मंद चेंडू का मागितलास?”

“ती वेगाचीच वाट पाहत असेल, असे मला वाटले.”

“पण तिची बॅट आधीच उशिरा येत होती. तू चेंडू हळू केलास आणि तिची चूक सुधारलीस.”

मुलीने मान हलविली. पुढच्या डावात तीच कवचे चढवून ती बसली. समोर नवी फलंदाज मुलगी होती. सवयीने कॅचरची नजर बाकाकडे वळली. प्रशिक्षक खाली वाकून बुटाची नाडी बांधीत होते, आणि ते काम त्यांनी चांगलेच लांबविले. क्षणभर थांबून ती पुढे वळली. फलंदाज मुलीच्या पायांकडे पाहिले आणि बोटे मांडीशी नेली.