संमति कोणाची?

इ. स. १९९४ च्या फेब्रुवारींत पुण्यास घडलेली ही गोष्ट. एका सरकारी संस्थेंत राहणाऱ्या कांहीं बुद्धीनें मंद अशा स्त्रियांचे व मुलींचे गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढण्यांत आले. मासिक पाळींत त्यांस स्वतःची स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. लोकांनीं निषेध केला, तेव्हां पुढील शस्त्रक्रिया थांबल्या.

करणारे दुष्ट होते, असें आम्ही म्हणत नाहीं. सांभाळ करणाऱ्यांचे श्रमहि खरेच. परंतु ते हलके व्हावेत म्हणून दुसऱ्याच्या निरोगी देहाचा अवयव काढावा काय? धीरानें शिकविणें, सेविका वाढविणें, हे उपाय आधीं करावयाचे नव्हते काय?

इ. स. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्याचें दहावें कलम सांगतें कीं, वंध्यत्व आणणारा कोणताहि उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीवांचून करूं नये. मात्र समजावून सांगण्यास वेळ लागतो, आणि तो कायद्यानें मिळत नाहीं. म्हणून वाचकहो, आपल्या घरीं असें कोणी असेल, तर डॉक्टरांनीं केवळ आपल्याशीं न बोलतां त्याच्याशींहि बोलावें, असा आग्रह धरा. आणि आपणहि प्रथम त्यालाच विचारा.