हेस्टिंग्जचा डाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी १९३०-३१ च्या हिवाळ्यात बुद्धिबळाची स्पर्धा भरली होती. एका पटावर क्यूबा देशाचा कापाब्लांका बसला होता. १९२१ पासून १९२७ पर्यंत तो जगज्जेता होता. त्याच्यासमोर होता पंजाबातील मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा खेळाडू १९२९ साली त्यांच्याबरोबर इंग्लंडात आला होता.

सुलतान खानाची अडचण निराळीच होती. तो देशी पद्धतीने खेळावयास शिकलेला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले. किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. साहजिकच डाव सावकाश रंगे. युरोपात प्यादे आरंभी दोन घरे धावते, चकमक लवकर उडते, आणि कोणत्या चालीस कोणते उत्तर द्यावे यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेले! त्या ग्रंथांशी त्याचा परिचय अगदी थोडा. म्हणून पुष्कळदा आरंभीच त्याची बाजू लंगडी पडे आणि पुढे ती सावरण्यात त्याचे कसब पणास लागे.

या डावात त्याच्याकडे पांढरी मोहरी होती. कापाब्लांकाने वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरील प्यादे एक घर सारले व त्याच्यामागे उंट बसवून पटाच्या मध्यावर तिरपा रोख धरला. या रचनेस युरोपातही 'भारतीय बचाव' असेच म्हणतात. हिंदी खेळाडूवर हिंदी नावाचेच शस्त्र उगारले गेले होते!

पाचव्या खेळीस सुलतान खानाने डाव्या कडेचे प्यादे एकच घर पुढे ढकलले. चाल दिसावयास क्षुद्र; परंतु तिच्यामुळे काळ्याच्या दुसऱ्या उंटाला पुढे येऊन पांढरा घोडा जखडून ठेवता येईना. पुढे टिग्रान पेट्रोस्यान या जगज्जेत्याने हीच चाल आवडीने वापरली व ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

डावाच्या मध्यावर कापाब्लांकाने दोन्ही हत्ती देऊन पांढरा वजीर मारला. वजीर तर आता एकट्या त्याच्याचकडे होता. पण त्याला शिरकाव करावयास वाटच मिळेना. पांढऱ्या हत्तींनी मोकळी उभी पट्टी रोखून धरली. सुलतान खानाने घाई केली नाही. काळा वजीर उजव्या कडेला येरझारा घालीत राहिला, आणि पांढरा फास खेळीखेळीने आवळत गेला. पासष्टाव्या खेळीस कापाब्लांकाने हार मानली.

त्या स्पर्धेत सुलतान खान तिसरा आला. १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले व मग तो मायदेशी परतला. १९६६ साली तो निवर्तला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती २०२४ साली.