परत पाठवलेला मोदक

प्रिय बाळ,



तुझं पत्र पोचलं. शेजारच्या काकूंनी आणलेला गणपतीचा मोदक तू दारातूनच परत केलास, वर "आम्ही मूर्तिपूजा करत नाही" असंही ऐकवलंस. खायचा की नाही, हे तुझ्या विवेकावर; करिंथच्या मंडळीलाही पौलाला यावर पुष्कळ लिहावं लागलं. पण ऐकवायची गरज नव्हती. आणि त्याच पत्रात नव्या पगाराचा आकडा तीनदा आलाय. पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय रे.

सकाळी मी इथे तांबरमला ख्रिश्चन कॉलेजच्या कुंपणाच्या कडेने फिरतो. डिसेंबर १९३८ मध्ये देशोदेशीचे ख्रिस्ती परिषदेसाठी इथे जमले होते. परिषद व्हायची होती चीनमध्ये. जपानने चढाई केली म्हणून ती इथे आली. तरीही चिनी आणि जपानी दोघेही आले. त्याच काळात तिकडे जर्मनीत, दगडाला छिन्नी न लावता, राष्ट्राचा देव झाला होता आणि कितीतरी चर्चमध्ये त्याचे झेंडे लागले होते. नकार देणारे थोडे. १९३४ साली बार्मेनला जमून त्यांनी जाहीर केलं की मंडळीचा धनी ख्रिस्तच, दुसरा कुणी नाही. बायबल वाचणारी, चर्चला जाणारी माणसंच फसली होती, हे विसरू नकोस.

हवाई दलातले माझे एक मुसलमान सोबती सांगायचे, कुणी बघतंय म्हणून नमाज लांबवली तर तोही शिर्क, म्हणजे देवाच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं. छोटा, लपलेला. त्याला ते रिया, म्हणजे दिखावा, म्हणत. दर्ग्यावर जावं की नाही यावर भांडणारे खूप भेटतात, रियाला घाबरणारे मला ते एकच भेटले.

त्यांची आठवण मला गेल्या नाताळात झाली. मी गायलेल्या गीताचा व्हिडिओ मुलीने टाकला होता. सगळे डोळे मिटून प्रार्थनेत, आणि मी बाकाच्या आडोशाने फोन धरून किती जणांनी पाहिला ते बघत होतो. एकशे चाळीस. आमेन मी सगळ्यांबरोबरच म्हणालो. प्रार्थना कशासाठी होती, ते मात्र सांगता आलं नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी उपासना झाली की काकूंकडे जा. बस, चहा घे, चुकलो म्हण. आणि पगारातला दशांश काढशील तो कुणाला न सांगता दे. मलाही कळवू नकोस.

तुझा,
मामा