यंदा डावा अंगठा मोकळाच राहू दे

कॅल्गरी,
१२ नोव्हेंबर

चि. चिऊ हिस,


तुझा मेसेज दोनदा वाचला. रेव्हलस्टोकला जाऊन वर्ष होत नाही तोच तू १६५ इंची पट्ट्याची माउंटन स्लेड, म्हणजे डोंगरातली स्नोमोबाइल, घेतलीस, आणि आता तिच्यावर डाव्या हाताचा जादा थ्रॉटल, म्हणजे अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका, बसवून घ्यावा का असं विचारतेस. उत्तर आधीच देतो: यंदा नको. पण नुसतं ‘नको’ ऐकून गप्प बसणारी तू नाहीस, आणि माझ्या स्वतःच्या स्लेडवर तो खटका सहा हिवाळे आहे हेही तुला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

लोक तो बसवतात ते मुख्यतः साइडहिलसाठी, म्हणजे डोंगराची चढण एका अंगाला ठेवून उतारावरून आडवं जाताना. डोंगर डावीकडे असला की फारसं अडत नाही. तू डाव्या रनिंग बोर्डावर उभी असतेस, स्की उताराकडे म्हणजे उजवीकडे वळवलेल्या असतात, त्यामुळे हँडलचं उजवं टोक छातीजवळ येतं आणि थ्रॉटल अंगठ्याखाली आरामात राहतो. डोंगर उजवीकडे आला की सगळं उलटतं. आता तू उजव्या बोर्डावर, डावा पाय पुढे, उजवा मागे बर्फात लोंबता, गाडी उजव्या कडेवर कललेली. स्की डावीकडे वळल्यामुळे हँडलचं उजवं टोक पुढे लांब जातं आणि थ्रॉटल नेमका तिथेच असतो. हात पूर्ण ताणलेला, मनगट वाकलेलं, आणि अशा अंगठ्याने पट्ट्याचा वेग तोलायचा. वेग जरा कमी पडला की गाडी सपाट होऊन उताराकडे तोंड करते. जरा जास्त झाला की नाक वर करून डोंगर चढू लागते. तुझे हात लहान आहेत, आईसारखे. उजवीकडच्या डोंगराला तुझा अंगठा दुखतो म्हणतेस, त्यात तुझं काहीच चुकत नाही.

डावा खटका असला की हे ओझं छातीजवळच्या हाताकडे जातं, आणि उजव्या हाताने हँडलच्या मधला पट्टा घट्ट धरता येतो. गाडी रुतली तरी फायदा होतो. एका थ्रॉटलच्या गाडीला उजवीकडेच उभं राहावं लागतं, आणि उतार उजवीकडे असेल तर तू गाडीच्या खालच्या बाजूला सापडतेस. दोनशे किलोच्या आसपासचं ते धूड अंगावर लोळू शकतं. डावा खटका असला की वरच्या बाजूला उभं राहून थ्रॉटल देता येतो. एवढ्या एका कारणासाठीही मी तो काढून टाकलेला नाही.

मग तुला नको का म्हणतो? तुझ्या डाव्या हातामुळे.

पुण्यात तू दहा वर्षं ॲक्टिव्हा चालवलीस. लक्ष्मी रोडला समोर कुणी आडवं आलं की तुझा डावा हात काय करायचा? आवळायचा. विचार न करता. त्या हाताला एकच धडा पाठ आहे: भीती वाटली की मूठ बंद. स्लेडचाही ब्रेक डावीकडेच आहे, म्हणून तो धडा इथेही उपयोगी पडतो. त्याच मुठीत, ब्रेकच्या शेजारी, गाडी पळवणारा खटका बसवला तर?

हे मी स्वतः भोगलं आहे. खटका बसवल्यानंतरचा पहिलाच हिवाळा होता, रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर झाडांची हद्द सुरू होते तिथे. उजवीकडे डोंगर, गाडी कलती, आणि एका बुंध्याला स्की घासून ती एकदम सपाट पडली, तोंड खाली. मी घाबरलो आणि डावी मूठ आवळली. बोटं ब्रेकवर पडली खरी, पण अंगठाही आवळला गेला. थांबायच्या ऐवजी गाडी झाडांच्या दिशेने सुटली. मी फेकला गेलो, जॅकेटला अडकवलेला टेदर ओढला गेला आणि इंजिन बंद पडलं. पुढचा बंपर आणि एक ए-आर्म गेला, मी वाचलो. त्या दिवशी टेदर लावला नसता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही.

स्लेडला मोटरसायकलसारखी पिळायची मूठ नसते, अंगठ्याने दाबायचा खटका असतो. यामागचा विचारही हाच आहे. आपण हँडलला लटकतो, ओढतो, कधी अख्खं वजन त्यावर टाकतो. पिळायची मूठ अशा वेळी आपोआप फिरेल. उजवा हात तरी ही सावधगिरी शिकत आलेला असतो. डावा हात हा तुझा निर्धास्त धरायचा हात आहे. पहिल्याच वर्षी तो निर्धास्तपणा विकू नकोस.

अंगठ्याच्या दुखण्यावर त्याआधी स्वस्त उपाय आहेत. थ्रॉटलचा ठोकळा हँडलवर थोडा खाली फिरवून बघ, थोडा आत सरकवून बघ. पाच मिनिटांचं काम आहे. हँडलची उंची आणि कल तुझ्या खांद्यांना जुळतो का ते उभं राहून तपास, बसून नाही, कारण डोंगरात तू बसणारच नाहीस. आणि बहुतेकांचा अंगठा दुखतो तो सतत दाबून ठेवल्यामुळे. थोडं दाब, सोड, पुन्हा दाब. गाडीचा तोल पायांनी आणि कमरेने धरायला लागलीस की अंगठ्यावरचं निम्मं काम उतरतं. उजवीकडचा डोंगर मुद्दाम निवड. रोजच्या पहिल्या तासात, ताकद शिल्लक असताना, मोकळ्या सौम्य उतारावर तेवढाच सराव कर. डावा खटका लवकर आला की हा सराव होतच नाही. अशी दोन मुलं मी पाहिली आहेत, तो खटका नसलेल्या गाडीवर त्यांना उजवीकडे धड वीस मीटर जाता येत नाही.

पुढच्या वर्षीही हवासा वाटला तर जरूर बसव, मी मदतीला येईन. तेव्हा एक गोष्ट जिवाची समजून तपासायची: जादा केबल. इंजिन बंद ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. केबल कुठेही ताणली जाता कामा नये. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, आणि कान देऊन ऐक. हँडल वळवताना आवाज चढला तर गाडी हलवू नकोस. थ्रॉटल अडकला तर इंजिन बंद पाडणारा स्विच काही गाड्यांत असतो. जादा केबल चुकीची बसली की तोही गोंधळतो. आणि दर वेळी सुरू करण्याआधी दोन्ही खटके दाबून सोडायचे, टचकन परत आले पाहिजेत. आत साचलेला बर्फ गोठला की येत नाहीत.

यंदा ते पैसे दुसरीकडे घाल: हिमकड्यांपासून बचाव शिकण्यात. मार्च २०१० मध्ये त्याच बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांच्या मेळाव्यावर हिमकडा कोसळून दोन माणसं गेली. ॲव्हलांच कॅनडाचं मुख्य कार्यालय तुझ्याच गावात आहे. त्यांचा हिमकडा-सुरक्षेचा एएसटी-१ अभ्यासक्रम डिसेंबरच्या आत पूर्ण कर. ट्रान्सीव्हर अंगावर, आणि प्रोब, फावडं पाठीवरच्या पिशवीत असू दे. स्लेडच्या डब्यात ठेवलेलं फावडं स्लेडबरोबरच गाडलं जातं. बर्फाखालच्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच खरी आशा असते, आणि तेवढ्या वेळात पोचणारे फक्त तुझे सोबती असतात. त्यामुळे एकटी जाऊ नकोस, आणि सोबत्यांना शोधायचं कसं ते येतं का हे आधी विचार. संकोच करू नकोस.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रॉजर्स पासचा घाट उघडा असला तर मी येतो. माझी स्लेड आणीन. सपाट मैदानावर, टेदर लावून, डावा खटका दहा मिनिटं चालवून बघ. घाबरल्यावर तुझी डावी मूठ काय करते, ते तुझं तुलाच कळेल. येताना तिळाची चटणी आणि मामी करतेय ते हातमोजे आणतोय, अंगठ्याची नक्की मापं मात्र कळव.

तुझा,
मामा