लेकीचे लग्न आणि उसाचा कोयता

उसाचा हंगाम सुरू झाला, की पलूस, कुंडल परिसरात ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यातून, तसेच आपल्याच जत भागातून ही कुटुंबे येतात. अशाच एका खोपीतील आई आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे आणि अशक्तपणा ही तक्रार. तपासणीत दिवस गेल्याचे आढळले. वय विचारताच आई म्हणाली, "एकोणीस." मुलीने खाली मान घालून सांगितले, "सोळा."

लग्नाची एवढी घाई का केली, असे मी विचारले. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आम्ही सहा महिने फडात. वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

वाचकहो, कोवळ्या वयातील लैंगिक आजार म्हटले, की आपण वाईट संगतीला दोष देतो. परंतु या मुलीचा काय दोष? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती बहुधा जोडीला. त्यामुळे मुलाला जोडीदारीण हवी असते आणि मुलीच्या आईबापांना काळजी मिटवायची असते. शाळा सुटते व लग्न होते. खोपीला धड दार नसते, शौचालय व पुरेसे पाणी नसते. पाळीचे कापड नीट धुता-वाळवता येत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

हा प्रश्न केवळ खोपीतला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते.

या वयातील गर्भारपणात रक्तक्षय, रक्तदाब वाढून झटके येणे व कमी वजनाचे मूल होणे हे धोके वाढतात. नवऱ्याला गुप्तरोग असेल, तर त्याला विचारण्याचे वा नकार देण्याचे धाडस अशा मुलीत कोठून येणार?

२०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी घटना पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मीही कळवले. या भीतीने काहीजण भोंदू वैद्य गाठतात. ते जिवावर बेतते. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आल्यास, तिने व पालकांनी विनंती केल्यावर डॉक्टरांना तिचे नाव उघड न करता खबर देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी, खाज, जननेंद्रियावर फोड वा जखम, लघवीला जळजळ असल्यास लगेच तपासून घ्यावे. लैंगिक संसर्ग आढळल्यास पती-पत्नी दोघांनीही उपचार घ्यावेत. एकट्याने घेतल्यास आजार उलटतो.

२) सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' केंद्रात किशोरवयीनांना मोफत सल्ला मिळतो. एचआयव्हीची तपासणीही सरकारी केंद्रात मोफत होते.

३) स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. हंगामापूर्वीच शाळेत चौकशी करावी.

४) बालविवाह होत असल्याचे कळल्यास १०९८ क्रमांकावर कळवावे.

मी गोळ्या देऊ शकतो. पण त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही. लेकीला सुरक्षित निवारा व शाळा मिळाली, तर तिला माझ्याकडे यावेच लागणार नाही.